श्वास आळीपाळीने घ्यायचा

(माहुल इथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढून इथे देत आहोत.)

मघाशी आपण बैठकीची सुरुवात गाण्याने केली. गाणं संपलं आणि मागच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "मी नुसते ओठ हलवले गं. दम पुरत नाही आता." शेजारीण म्हणाली, "मी पण दुसऱ्या कडव्याला सोडून दिलं." मला विषय दिला होता 'बायका आणि गाणं'. मी घरून बरंच काही लिहून आणलं होतं. पण ही दोन वाक्यं ऐकली आणि त्यातलं अर्धं बाजूला ठेवावंसं वाटलं. कारण आज मला ज्या गाण्याबद्दल बोलायचंय त्याला पेटी लागत नाही, तबला लागत नाही, माइकही लागत नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात. एक श्वास, आणि दुसरं म्हणजे ठरल्या वेळी एकत्र जमणं. माहुलमध्ये बाईला या दोन्ही गोष्टींची टंचाई आहे. त्यामुळे इथे गाण्याचा विषय करमणुकीचा राहत नाही.

आधी जरा लांबची गोष्ट सांगते. मग आपल्याकडे येऊ.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थॅम्प्टन नावाचं गाव आहे. तिथे सोफिया स्मिथ नावाच्या बाईने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून मुलींसाठी एक कॉलेज निघालं. १८७५ साली ते सुरू झालं. त्या स्मिथ कॉलेजात १९३६ साली काही मुलींनी गाण्याचा गट काढला. वाद्यं नाहीत, नुसते गळे. अशा गाण्याला तिकडे 'अ कापेला' म्हणतात. शब्द इटालियन आहे, अर्थ 'चर्चमध्ये गातात तसं'. पण या मुली काही देवळातली गाणी म्हणत नव्हत्या. आवडतील ती गाणी आपल्या गळ्यांना बसतील अशी रचून घेऊन त्या म्हणत. अमेरिकेतल्या कॉलेजांमधला मुलींचा असा हा सर्वांत जुना गट मानला जातो. आठ दशकांहून जास्त काळ तो चालत आला आहे.

त्याचं नाव मजेशीर आहे, 'स्मिफेनपूफ्स'. येल विद्यापीठात पुरुषांचा 'व्हिफेनपूफ्स' नावाचा गट १९०९ पासून होता. त्या नावात आपल्या कॉलेजचं नाव घुसवून मुलींनी आपलं नाव केलं. थट्टाच ती. पण थट्टेमागची परिस्थिती बघा. येलमध्ये पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेशच मिळाला तो १९६९ साली. प्रवेश मिळाला तरी त्या पुरुषी गटाचं दार बंदच. मग तिथल्या मुलींनी १९८१ साली आपला वेगळा गट काढला. पुरुषांच्या गटात पहिली मुलगी घेतली गेली २०१८ साली. म्हणजे गट निघाल्यापासून १०९ वर्षांनी! स्मिथच्या मुली कुणी दार उघडेल म्हणून थांबून राहिल्या असत्या, तर त्यांच्या नाती-पणतींनाही गायला मिळालं नसतं. त्यांनी आपली खोली शोधली, वार ठरवला आणि गायला लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंत देशातल्या फी भरू शकणाऱ्या मुलींचं कौतुक आम्हाला कशाला सांगता? रास्त प्रश्न आहे. त्या मुलींना धुणंभांडी नव्हती, पाण्याची रांग नव्हती, संध्याकाळी सातच्या आत घरात यायचा धाक निदान आपल्यासारखा नव्हता. पण बाहेरच्या बायकांकडून काय घ्यायचं, हे आपल्या पंडिता रमाबाईंनी फार पूर्वी दाखवून दिलंय. १८८६ ते ८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी तिकडच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका संघटना कशा बांधतात, वर्गणी कशी गोळा करतात, सभा कशी चालवतात, याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. म्हणजे त्यांनी तिकडून चालीरीती आणल्या नाहीत, काम चालवण्याची रीत आणली. आपणही तेवढंच घेऊ. एक गट इतकी वर्षं कसा टिकला, ते बघू.

कॉलेजातल्या गटाची मोठी अडचण अशी की दर वर्षी त्यातल्या पाव मुली शिकून बाहेर पडतात. चार वर्षांत सगळा गट नवा होतो. १९३६ सालची एकही मुलगी १९४० नंतर त्यात नव्हती. तरी गट तोच. कसा? कारण जाणारी मुलगी आपला आवाज घेऊन जाते, पण गाणं ठेवून जाते. तिने म्हटलेला भाग ती नव्या मुलीला शिकवते. गाणी लिहून ठेवलेली असतात. कोण कुठे उभी राहायची, सूर कुणी द्यायचा, रागावलेलीची समजूत कुणी काढायची, हे सगळं मोठ्या मुली धाकट्या मुलींना सांगतात. गेलेल्या मुली अधूनमधून परत येतात आणि त्यांच्या वेळचं गाणं नव्या मुलींबरोबर म्हणतात. ज्या दोघींची आयुष्यात कधी गाठ पडली नाही, त्या एका गाण्यात शेजारी उभ्या राहू शकतात.

दुसरी गोष्ट आवाजांची. आपण सगळ्या मिळून एकच चाल म्हणतो. या गटांमध्ये एकाच वेळी तीन-चार वेगवेगळे सूर चालू असतात, वरचा, मधला, खालचा. पुरुषांच्या गटात खर्जातला आवाज आयता मिळतो. बायकांच्या गटात तो कुणीतरी मुद्दाम सांभाळावा लागतो. वरचा आवाज लोकांच्या कानात भरतो, टाळ्या त्याला मिळतात. पण खालचा आवाज ढळला की सगळं गाणं कोसळतं. आपल्याकडे बाई साठीला आली की म्हणते, "माझा आवाज बसला, आता मी काय गाणार?" वयाबरोबर बाईचा आवाज खाली उतरतो हे खरं आहे. पण नुसत्या गळ्यांच्या गाण्यात तो उतरलेला आवाज कामाचा असतो. ज्या आजींनी मघाशी ओठ हलवले, त्यांना उंच सूर लावायला सांगितलाच कुणी? आपण सूर धरला तो जिचा आवाज सर्वांत चढा तिचा. सर्वांत वयस्क बाईला झेपेल तिथून सुरुवात करायला काय हरकत होती?

आणि तिसरी गोष्ट, जी मला आज सर्वांत जास्त सांगायची आहे, ती श्वासाची. एकटी बाई लांब सूर धरून किती वेळ राहील? पण गटाचा सूर न तुटता कितीही वेळ चालू शकतो. त्याची युक्ती साधी आहे. शेजारी उभ्या असलेल्या दोघींनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. ओळ संपते तिथे सगळ्यांनाच श्वास घ्यावासा वाटतो, म्हणून तिथे मुद्दाम घ्यायचा नाही. एकीने मध्येच हळूच गप्प व्हायचं, श्वास भरायचा आणि हळूच परत मिसळायचं. तेवढा वेळ शेजारणीने सूर धरून ठेवायचा. मग शेजारणीची पाळी. ऐकणाऱ्याला कळतही नाही कोण कधी थांबलं. इथे दमणं हा गुन्हा नाही. सगळ्या एकदम दमल्या तरच गाणं तुटतं.

हे ऐकल्यावर मला वाटलं, अरे, हे तर आपल्याकडे होतं!

जातं आठवा. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवीची ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. एक म्हणत असताना दुसरीचा श्वास भरून व्हायचा. जात्याची घरघर हाच काय तो साज. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव हिंडून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. कुणा पंडिताने न लिहिलेलं बायकांचं एवढं मोठं वाङ्मय! त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे, पंढरी आहे, नवऱ्याचा मार आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. जे घरात मोठ्याने बोलता येत नव्हतं, ते पहाटे जात्यावर म्हणता येत होतं. घरातला पुरुष ऐकत असला तरी त्याला वाटायचं, बाई दळतेय.

आणखी जवळचं उदाहरण धवलारणींचं. मुंबई, ठाणे, रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांत हे वेगळं समजावून सांगायला नको. लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. हळद, मांडव, देवांना आमंत्रण, प्रत्येक टप्प्याचं गाणं वेगळं, आणि ते तिला तोंडपाठ. पुढची म्हणते, मागच्या झेलतात. वाद्य नाही, पोथी नाही. ज्या समाजात पौरोहित्य पुरुषाचं आणि तेही एकाच जातीच्या पुरुषाचं, तिथे बिनशिकलेली म्हटली जाणारी बाई गळ्याच्या बळावर लग्न लावते, ही काय लहान गोष्ट आहे? आणि शब्द बघा केवढा जुना. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या प्रसंगी कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे 'धवळे' गायले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचं काव्य हे मुळात बायकांचं लग्नातलं गाणंच होतं.

मग हे सगळं गेलं कुठे? पिठाची गिरणी आली, जातं सुटलं. लग्नात बँड आला, मग डीजे आला, त्या आवाजापुढे धवलारणीचं कोण ऐकणार?

पण मैत्रिणींनो, इथे एक सावधगिरी घेऊ या. "जुनं किती छान होतं" हे म्हणणाऱ्यांनी स्वतः पहाटे तीनला उठून दळलेलं नसतं. गिरणी आली हे चांगलंच झालं. बाईच्या दंडातला ठणका गेला. मला जातं परत नकोय. माझी तक्रार वेगळी आहे. जात्याबरोबर दोघींनी मिळून बसायची ती हक्काची वेळही गेली, आणि तिच्या जागी दुसरी वेळ बाईला कुणी दिली नाही. दळणाचे वाचलेले दोन तास कुठे गेले? ते पाण्याच्या रांगेत गेले, लोकलमध्ये गेले, मुलांच्या अभ्यासात गेले. काम गेलं तरी वेळ बाईच्या हाती आला नाही.

आणि दुसरी सावधगिरी. आपल्याकडे बायका एकत्र जमून गातात ते प्रसंग आठवा. मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू. या प्रत्येकात आत यायची चिठ्ठी कुणाची? नवऱ्याची! नवं लग्न झालेली असली तर मंगळागौर. पोटात मूल असलं तर डोहाळजेवण. नवरा जिवंत असला तर हळदीकुंकू. विधवा, परित्यक्ता, लग्न न केलेली, मूल नसलेली बाई कितीही सुरेल असो, तिची जागा दाराबाहेर किंवा स्वयंपाकघरात. स्मिथच्या मुलींच्या गटात यायला आवाज लागत होता, आणि कॉलेजची फी. फीची अट आपल्याला नको, नवऱ्याची तर नकोच नको.

आपल्याकडच्या कॉलेजांचं काय? महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलं. पुण्याहून ते मुंबईला आलं तेही १९३६ सालीच, तिकडे तो गट निघाला त्याच वर्षी. त्यानंतर कितीतरी मुली शिकल्या, गायल्या, बक्षिसं मिळवली. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात समूहगीताची स्पर्धा असते. सहा जणी गातात, महिना-दीड महिना घाम गाळतात, स्पर्धा होते, ढाल कपाटात जाते आणि गट मोडतो. पुढच्या वर्षी नवीन सहा जणी, नवं गाणं, नवे सर. मागच्या सहा जणी कुठे आहेत, काय करतात, विचारायची रीत नाही. गट टिकावा म्हणून तो बांधलेलाच नसतो, जिंकावा म्हणून बांधलेला असतो.

मग त्या मुलीचं लग्न होतं. सासरी पाहुण्यांसमोर सांगतात, "आमची सून छान गायची." बघा, 'गायची'. मराठीत बाईच्या बहुतेक कलांना हा एकच काळ लावलेला आहे. नाचायची, चित्रं काढायची, खो-खो खेळायची, गायची. मी एकदा एका बैठकीत सहज विचारलं होतं, "तुमच्यातलं कोण गातं?" एकही हात वर आला नाही. मग विचारलं, "कोण गायचं?" तेव्हा निम्म्या बायकांचे हात वर आले. त्या दिवसापासून हा 'गायची' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

या शब्दाला धक्का दिला तो आपल्या चळवळीने. १९७५ नंतर मुंबईत, पुण्यात, गावोगाव बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या. मोर्च्यात, शिबिरात, पोलीस चौकीसमोर बसून राहताना गाणी लागायची. चाली ओळखीच्या घ्यायच्या, लोकगीताच्या, पोवाड्याच्या, सिनेमाच्या, आणि शब्द आपले घालायचे. डफ असला तर असला, नाहीतर टाळ्या. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आलं आणि वस्त्यावस्त्यांतून झालं. त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका कुणी नावाजलेल्या नट्या नव्हत्या. त्यांना बघून समोरच्या बाईला वाटायचं, एवढं तर मलाही येईल.

चळवळीतलं गाणं आणखी एक काम करतं, ते मी अनेकदा पाहिलंय. नव्याने आलेली बाई माइकसमोर बोलत नाही. तिला स्वतःची गोष्ट सांगायची लाज वाटते, भीती वाटते. पण दहा जणींबरोबर ती गाते. पहिल्यांदा ओठ हलवते, मग आवाज काढते. दोन महिन्यांनी तीच बाई उठून बोलते. तिच्या आवाजाची तिलाच ओळख व्हावी लागते आधी. ती ओळख एकटीने होत नाही, कारण एकटीचा आवाज ऐकायची तिला सवयच नसते.

आता माहुलकडे येते. तुम्ही इथे राहता, तुम्हाला मी काय सांगणार? तरी क्रम लावून ठेवू या, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल.

माहुल हे खाडीकाठचं जुनं गाव. मासेमारी, मिठागरं, शेती. १९५४-५५ साली शेजारी दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. मागून खताचा कारखाना आला, रसायनांच्या मोठमोठ्या टाक्या आल्या. गाव होतं तिथेच राहिलं, हवा बदलली. केईएम रुग्णालयाच्या २०१३ सालच्या पाहणीत इथल्या ६७ टक्के लोकांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा आपल्याला दम लागतो. म्हणजे दर तिघांत दोघं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने म्हटलं की माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला इथल्या हवेपासून धोका आहे.

हे सगळं कागदावर आलेलं असताना २०१७ साली तानसा जलवाहिनीलगतच्या हजारो घरांवर बुलडोझर चालला आणि त्या कुटुंबांना राहायला कुठे पाठवलं? इथे! बहात्तर इमारती, एकेक घर २२५ चौरस फुटांचं, दोन इमारतींमध्ये धड ऊन उतरेल एवढी जागा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये माहुलचे रहिवासी विद्याविहारला रस्त्याकडेला धरणं धरून बसले, त्यात बायका पुढे होत्या. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिला की या कुटुंबांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही. सुरक्षित जागी घर द्या, नाहीतर भाडं म्हणून महिन्याला पंधरा हजार रुपये द्या. ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. हे सगळं सहजासहजी झालेलं नाही. बायका कोर्टात गेल्या, फुटपाथवर झोपल्या, तेव्हा झालं.

काही कुटुंबं दुसरीकडे गेली, काही इथेच राहिली. पण घर हलवण्याच्या यादीत न आलेलं एक नुकसान आहे, त्याबद्दल बोलते. जुन्या वस्तीत भजनी मंडळ होतं, भिशी होती, गणपतीत रात्र जागवणाऱ्या दहा जणी होत्या. वस्ती मोडली तेव्हा घरांची मोजणी झाली. पुरावे तपासले, पात्र-अपात्र ठरवलं. पण "या दहा जणी एकत्र गातात, यांना एका मजल्यावर द्या" असा रकाना कुठल्या अर्जात असतो? एक गेली बावीस नंबरच्या इमारतीत, एक साठ नंबरच्या, एक नातेवाइकांकडे डोंबिवलीला. गट मोडला. त्याची नुकसानभरपाई कुणी मागितली नाही, कारण ते नुकसान आहे असं आपल्यालाही वाटलं नाही.

आणि दुसऱ्या बाजूला गावठाणातल्या बायका. त्या इथल्याच, पण कारखान्यांनी वेढलेल्या. गावातल्या आणि इमारतीतल्या बायका बाजारात भेटतात, रिक्षात शेजारी बसतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. धूर मात्र दोघींच्या घरात एकच.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. आठवड्यातला एक वार ठरवा. एक तास. गावातल्या काही जणी आणि इमारतीतल्या काही जणी. समाजमंदिर मिळालं तर ठीक, नाही तर गच्ची, नाही तर बालवाडीची खोली. गायला बसा. मंडळाची नोंदणी नको, अध्यक्ष नको, उद्‌घाटनाला नगरसेवक तर नकोच. गावातल्या बायकांना धवले येत असतील, इमारतीतल्या कुणी विदर्भातून आल्या असतील, कुणी मराठवाड्यातून, कुणी उत्तरेकडून. प्रत्येकीने आपल्या आईचं एक गाणं आणायचं. एक वही करायची. गाणं जिचं, तिने ते स्वतःच्या हाताने लिहायचं. लिहिता येत नसेल तर तिने सांगावं, मुलीने किंवा नातीने लिहावं. प्रत्येक गाणं किमान दोघींना पाठ असलंच पाहिजे, म्हणजे एक गेली तरी गाणं राहील. सूर धरायचा तो सर्वांत वयस्क बाईचा. घर मिळून दुसरीकडे जाणारीने आपली गाणी शिकवून जायचं, आणि वर्षातून एकदा सगळ्या गेलेल्यांना बोलवायचं. आणि कुणाचा नवरा आहे, नाही, कुठे आहे, हे विचारायचं नाही.

इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलली पाहिजे. उद्या कुणीतरी साहेब येऊन म्हणेल, "वा, बायका गातायत, गाण्याने फुप्फुसं चांगली होतात, आता काही तक्रार नाही ना?" त्याला सांगा, तक्रार आहे. विषारी हवेवर गाणं हे औषध नाही. ज्यांना धाप लागते त्यांनी डॉक्टरकडे जायचंच, कागद सांभाळून ठेवायचेच. न्यायालयाने दिलेला आदेश पाळला जातोय की नाही ते विचारत राहायचंच. गाण्याचा तास हा मोर्च्याच्या बदल्यात नाही. पण मोर्चा वर्षातून दोनदा निघतो, आणि मधल्या दिवसांत आपण एकमेकींना विसरतो. आठवड्याला भेटणाऱ्या वीस जणींना एक निरोप दिला की संध्याकाळपर्यंत तो बहात्तर इमारतींत आणि गावात पोचतो.

आणि आणखी एक. पाहणी करायला बाहेरचे लोक येतात, विचारतात, "महिन्यातून किती वेळा दम लागतो?" बाई म्हणते, "लागतो अधूनमधून." तिला सवय झालेली असते, ती मोजत नाही. शेजारी बसून गाणाऱ्या बाईला मात्र ऐकू येतं की मागच्या महिन्यापर्यंत हिला ओळ पुरत होती, आता पुरत नाही. ती म्हणेल, "चल, उद्या दवाखान्यात जाऊ." बाईच्या दुखण्याकडे घरात शेवटी लक्ष जातं. निदान गटात तरी लवकर जावं.

आता घड्याळ बघून माझ्याकडे बघणाऱ्या ताई मला दिसतायत, त्यांच्या घरी पाणी यायची वेळ झाली असणार. म्हणून थांबते. फक्त एक विनंती आहे. मघाचं गाणं आपण पुन्हा म्हणू या. यावेळी सूर आजी धरतील, त्यांना झेपेल तिथून. दोघी-दोघींच्या जोड्या करा. आधीच ठरवा, कुठे तू थांबशील आणि कुठे मी. दम लागला तर लाजू नका, थांबा, श्वास घ्या, शेजारणीने धरून ठेवलंय. मग परत या.

आजी, करा सुरुवात.